कृष्णाकाठचा कॉन्ट्रा

कॉन्ट्रा हा खेळ बनवणाऱ्या जपानी मंडळींपैकी कुणी नृसिंहवाडीला दर्शनाला येऊन गेलं असेल, असं मला वाटत नाही. पण पहिली लेव्हल बघितली की शंका येते. खाली पाणी, वर झाडी, मधे पूल, आणि आपण पाय ठेवायला आणि पूल नाहीसा व्हायला एकच गाठ. भर पावसाळ्यात वाडीतून बाहेर पडू बघणाऱ्या माणसाला यात नवं काही नाही. खेळातला पूल स्फोट होऊन उडतो, आमच्याकडचे रस्ते आवाज न करता पाण्याखाली जातात. पण पलीकडे जायचं काम रखडतं ते रखडतंच.

त्या काळच्या बहुतेक खेळांत खाली पडला तो मेला, असा साधा हिशेब होता. कॉन्ट्राच्या पहिल्या लेव्हलला मात्र पाण्यात पडलेला माणूस मरत नाही. तो गळ्याइतक्या पाण्यात चालत राहतो, आणि खालचं बटण दाबलं की सरळ बुडी मारतो. तेवढा वेळ गोळ्या डोक्यावरून निघून जातात. त्यालाही गोळी मारता येत नाही, पण जीव वाचतो. ही युक्ती वाडीच्या एकाही पोराला कुणी शिकवली नाही. ज्यानं शाळेत नाव घालायच्या आधी घाटाच्या पायरीवरून कृष्णेत सूर मारलाय, त्याला बुडी कधी मारायची हे काय सांगायचं? मिरजेहून सुट्टीला आलेला आमचा आतेभाऊ मात्र माणूस पाण्यात पडला की रिमोट टाकून डोळे मिटून घ्यायचा. मग आम्ही त्याला घाटावर न्यायचो. खेळ सुधारायचा तर आधी पोहणं सुधारायला हवं, असा आमचा विचार होता, आणि तो मला आजही बरोबर वाटतो.

कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ साली नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर आला आणि १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर. बिल रायझर आणि लान्स बीन असे दोन उघडेबंब सैनिक, आठ लेव्हल, तीन लाइफ, आणि एक गोळी लागली की कारभार आटोपला. जखमी होणं, पट्टी बांधणं, थोडी शक्ती कमी होणं, असली सरकारी भानगड नाही. युरोपात तो विकताना जर्मनीतल्या कडक नियमांपायी या दोघांचे यंत्रमानव केले आणि खेळाचं नाव ठेवलं प्रोबोटेक्टर. जपानी गोष्ट म्हणे २६३३ सालात, न्यूझीलंडजवळच्या एका बेटावर घडते. अमेरिकेत छापलेल्या पुस्तिकेत तीच गोष्ट ॲमेझॉनच्या जंगलात घडते. आमच्या कॅसेटबरोबर पुस्तिकाच नव्हती, त्यामुळे ती सनी देओल आणि जॅकी श्रॉफ यांच्यात घडायची आणि सीमेवर घडायची. शेवटच्या लेव्हलला जे धडधडणारं काळीज येतं ते कुणाचं, यावर मात्र एकमत झालं नाही.

खरं निन्टेन्डो आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. जपानात १९८३ मध्ये निघालेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला आपल्याकडे आल्या, समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी. काहींना नावही नसायचं. आमच्या घरातलं यंत्र त्या बिननावाच्या घराण्यातलं. मुंबईच्या मामानं आणलेलं. त्याच्या खोक्यावर भलत्याच खेळाचं चित्र होतं आणि आत एक पिवळी कॅसेट होती, तिच्यावर लिहिलं होतं ‘९९९९९९९ इन १’. एक कमी कोटी! आजोबा हिशेबाचे पक्के. त्यांनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, “उरलेला एक कुठं गेला?” खरे वेगळे खेळ मोजायला दोन हातांची बोटं पुष्कळ होती. पुढच्या यादीत तेच खेळ फिरून फिरून यायचे. कॉन्ट्रा एकदा नुसता, एकदा दुसऱ्या लेव्हलपासून, एकदा तीस लाइफसकट, एकदा कशासकट ते कळायचंच नाही. तरी कुणीतरी हौशी पोरगा यादीचं शेवटचं पान गाठायच्या मागे असायचाच.

टीव्ही काळा-पांढरा, शटरचा. आता खेळात बिलची चड्डी निळी आणि लान्सची लाल. रंगीत टीव्हीवाल्यांना त्यामुळे कोण कुठला ते कळायचं. आमच्याकडे दोघेही राखाडी. दोघे एकत्र उडी मारणार, गोल गोल फिरत एकमेकांच्या अंगावरून जाणार, त्यातला एक मरून पडणार, आणि मग लगेच सुनावणी.

“तू मेलास.”

“मी कशाला मरतोय? मी वर आहे. हा बघ, उडी मारतोय.”

“उडी मी मारतोय!”

या वादात जो खरा जिवंत असायचा तोही दुसऱ्या गोळीनं जायचा, आणि खटला आपोआप निकाली निघायचा. थोरल्या दादानं यावर एक नियम काढला होता. खेळ सुरू झाल्याबरोबर दोघांनी एकएक उडी मारून आपापला माणूस ओळखून घ्यायचा. नियम चांगला होता. तो पहिली दोन मिनिटं टिकायचा.

बंदुकीची अक्षरं हा वेगळा विषय. उडत्या डबीला गोळी मारली की आतून एक अक्षर पडतं. यातलं ‘यस’ म्हणजे साक्षात कृपा. एका वेळी पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात, नेम धरायची गरज नाही, समोरचं सगळं साफ. ते ज्याला मिळालं तो त्या दिवसापुरता सरपंच. ‘यम’ही वाईट नाही. पण ‘एल’! दिसायला झकास, लांबलचक किरण सुटतो, आणि तो पोचायच्या आत आपण घाईनं पुन्हा बटण दाबलं की पहिला किरण वाटेतच गडप होऊन नवा सुरू. म्हणजे जितका घाबरून गोळ्या मारशील तितकी एकही लागणार नाही. ‘एल’ घेऊ नये हे ज्ञान वाडीत तोंडोतोंडी चालत आलेलं होतं. बाहेरगावचा पाहुणा ओळखायची खूणही तीच. तो धावत जाऊन ‘एल’ घ्यायचा, वर आपल्याकडे बघून हसायचा.

मग तो सुप्रसिद्ध कोड. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि मग स्टार्ट. तीनाच्या तीस लाइफ. आमच्या गल्लीत मुंजीची पोरं पुष्कळ. त्यातला एक संध्या करायला बसला की चोवीस नावांत त्रिविक्रमाशी येऊन थबकायचा. पुढचा वामन काही केल्या सापडायचा नाही. काका ताम्हण वाजवून थकले. तोच पोरगा कोड मात्र डोळे मिटून, एका दमात, पळीतलं पाणी न सांडता म्हणून दाखवायचा. काका म्हणाले, “पाठांतर उत्तम आहे, देवता तेवढी चुकली.” आपल्याकडे क्रम पाठ करायची परंपरा इतकी जुनी, की दहा बटणांचं आम्हाला काहीच वाटलं नाही. पुढे तर एकानं तो उलटा म्हणायचा सराव केला. उपयोग शून्य, पण ऐकणारे चाट.

या कोडामागची हकीकत कळली तेव्हा आम्ही मोठे झालो होतो. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे १९८६ साली ग्रेडियस नावाचा दुसराच खेळ घरगुती यंत्रावर बसवायचं काम होतं. खेळ तपासायचा तर शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तो त्यांना स्वतःलाच झेपेना. म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही पळवाट ठेवली, आणि बाजारात पाठवताना ती काढायची राहून गेली. हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे आचाऱ्यानं आमटी जाळ केली आणि ताकाचं भांडं स्वतःच्या पाटाखाली लपवलं.” हाशिमोतो २०२० साली वारले. जगभरच्या पोरांनी त्यांच्या नावानं जेवढ्या लाइफ वापरल्या, त्या मोजायला आमचे आजोबाच हवेत.

आजीला तीस लाइफचं कौतुक सांगितलं, तेव्हा ती वाती वळत होती. “तीसच?” ती म्हणाली. “शास्त्रात चौऱ्याऐंशी लक्ष सांगितल्यात.” तिचा कॉन्ट्राशी संबंध एवढाच, की टीव्ही देवघराच्या भिंतीला लागून होता आणि वाती वळताना समोर दुसरं काही बघायला नव्हतं. पण बघता बघता तिची निरीक्षणं पक्की होत गेली. हे दोघे सतत उजवीकडेच का जातात? यांना घरदार नाही का? पाचव्या लेव्हलला बर्फ लागतं, तिथंही दोघे उघडे, हे पाहून तिनं हातातला कापूस खाली ठेवला. “अरे, अंगात काहीतरी घालायला सांगा त्यांना.” त्यांना सांगता येत नाही, असं आम्ही समजावलं. तिनं जरा विचार केला. मार्गशीर्षाच्या थंडीत भल्या पहाटे नदीत बुडी मारून ओल्या अंगानं देवळाकडे जाणारी माणसं तिनं जन्मभर पाहिलेली. “सोवळ्यात असतील,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाती वळायला लागली. त्यानंतर ते दोघे मेले तरी तिनं त्यांच्या कपड्यांवरून कधी चकार शब्द काढला नाही.

यंत्राची दुखणी हा घरचा धंदाच होता. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून तोंडाला लावायची आणि बासरीसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुंकायची. जाणकार म्हणतात की तोंडातल्या दमटपणानं त्या पट्ट्या उलट खराब होतात, आणि काम होतं ते कॅसेट काढून परत नीट बसवल्यामुळे. असेल. पण फुंकर न मारता बसवलेली कॅसेट आमच्याकडे कुणी मान्य केली नसती. रिमोटचं दुखणं जास्त खोल. कॉन्ट्रात बी म्हणजे गोळी, ए म्हणजे उडी, त्यामुळे बी आधी जायचं. मग चार स्क्रू काढून रिमोट उघडायचा. आत मळकट रबराची पातळ चादर, प्रत्येक बटणाखाली फुगवटा, आणि फुगवट्याच्या पोटाला काळी टिकली. ती टिकली खालच्या तारांना टेकली की गोळी सुटते. सतत दाबून ती पांढुरकी पडलेली असायची. त्यावर चित्रकलेची मऊ शिशाची पेन्सिल घासायची, चांगली काळीशार चमक येईपर्यंत, कडेची पूड फुंकायची, आणि रिमोट पुन्हा बंद करायचा. चारातला एक स्क्रू हटकून उरायचा. पेन्सिलीचा हा इलाज आठवडाभर टिके. पेढ्याच्या हातानं खेळलं तर त्याहून कमी, कारण वाडीचा पेढा बटणाच्या फटीत गेला की बटण खाली जातं आणि वर यायला तयार होत नाही. मग बिल एकटाच, कुणी न सांगता, गोळ्या झाडत उभा. कवठाची बर्फी त्यामानानं सुसह्य. तिचा चिकटपणा बोटालाच राहतो.

आणि लाइट. कॉन्ट्रात खेळ जपून ठेवायची सोय नाही. सराईत माणूस अर्ध्या तासाच्या आत आठही लेव्हल उरकतो, पण आमच्याकडे लाइटचाही काही बेत असायचा. सहाव्या लेव्हलला, आगीच्या झोतांमधून दादा श्वास रोखून चाललाय, सगळी गल्ली मागे उभी, आणि ठप्प. अंधारात एक सेकंद शांतता. मग आतल्या खोलीतून आजीचा आवाज, “मेले का दोघं?”

पुराचं सांगतो. वाडीत पाणी येणं ही बातमी नसते, ते किती आलं ही बातमी असते. कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या की पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नानाला लांबून लोक येतात. त्याच्याही वर चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, आणि मग गावही आपापलं सामान वर हलवायला लागतं. प्रत्येक घराचा क्रम ठरलेला. आधी देव आणि पोथ्या, मग धान्य, मग गाद्या, मग टीव्ही. व्हिडिओ गेमला या यादीत स्थान नव्हतं. म्हणून २००५ च्या पुरात धाकट्या भावानं तो तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली पुरून ठेवला. धान्य आधी जातं हे त्याला ठाऊक होतं. बेत पक्का होता. फक्त त्या वर्षी पाणी एवढ्या लगबगीनं आलं की मोठ्यांनी डबा न उचलता तांदूळच पोत्यात ओतून घेतले, आणि घाईत आत काय राहिलंय ते कुणी बघितलं नाही.

पाणी उतरल्यावर चिखल काढताना डबा सापडला. यंत्रातून पाणी, गाळ आणि थोडे शिजल्यासारखे फुगलेले तांदूळ निघाले. माळ्यावर कोरडा राहिलेला टीव्ही मात्र जिना उतरताना हातातून सुटला होता आणि कुरुंदवाडच्या दुकानदारानं त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. यंत्र आम्ही उघडलं. खऱ्या निन्टेन्डोच्या पोटात म्हणे पुष्कळ सुटे भाग असतात. आमच्या नकलेत हिरव्या पाटीच्या मधोमध एक काळा, कडक, डांबराच्या थेंबासारखा गोळा होता. सगळा कारभार त्या गोळ्याखाली गाडलेला. स्वस्तात पडावं म्हणून कारखान्यानं चिप उघडीच पाटीवर ठेवून तिच्यावर हा राळेचा ठिपका ओतलेला असतो, आणि त्याच कंजूषपणापायी पाणी आत शिरलं नाही. आम्ही पाटी स्पिरिटनं पुसली, गच्चीवर पापडांच्या शेजारी वाळवली. शेजाऱ्यांच्या टीव्हीला जोडली, तर पहिल्या झटक्यात एक कमी कोटी खेळांची यादी हजर. काका इतकंच म्हणाले, “देवानं राखलं ते काय राखलं बघा.”

कॉन्ट्राची सगळ्यात भारी लेव्हल माझ्या मते तिसरी, धबधब्याची. लोक शेवटच्या काळजाचं कौतुक करतात, करोत. पण तिसऱ्या लेव्हलला खेळ आडवा जायचं सोडून उभा होतो. वरून धोंडे गडगडतात, दगडांच्या कपारीवरून उड्या मारत वर चढायचं, आणि वरचा जसजसा चढतो तसतसा पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो. खालचा पडद्याच्या तळाला राहिला की गेला. त्याला शत्रूनं मारलेलं नसतं. त्याला वरच्याच्या घाईनं मारलेलं असतं. एकट्यानं खेळताना ही लेव्हल अगदी साधी. दुसरा माणूस आला की तिच्यात भाऊबंदकी शिरते. “थांब रे”, “अरे थांब की”, “दादा, मी खाली आहे”, “मग वर ये ना”, हे संवाद आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी त्रिपदीच्या आधी ऐकू यायचे.

या लेव्हलचा सगळ्यात बारकाईनं अभ्यास मात्र एका पाहुण्यानं केला. शेजारच्या काकूंकडे यात्रेकरू उतरायचे. एका वर्षी पुण्याचे एक गृहस्थ गुरुचरित्राच्या सप्ताहाला आले. सात दिवस एकभुक्त, घोंगडीवर झोपणं, आणि वर त्यांनी मौनही धरलेलं. काकूंकडे टीव्ही रंगीत, म्हणून आमचं यंत्र त्या सुट्टीत तिकडे मुक्कामाला. काकूंनी ताकीद दिली, “वाचन चाललंय, आवाज बंद ठेवा. नाहीतर वायर काढून घेईन.” म्हणून आम्ही मुका कॉन्ट्रा खेळायला लागलो. पण गोळीचा आवाज नसेल तर बटण दाबल्याचं समाधान नाही. मग प्रत्येकजण ओठांतल्या ओठांत “ढिश् ढिश् ढिश्” करायचा, आणि मेला की कुजबुजत “आई गं” म्हणायचा.

पहिल्या दिवशी ते गृहस्थ पाण्याचा तांब्या घेऊन दारावरून गेले. दुसऱ्या दिवशी तांब्या रिकामाच होता, तरी गेले. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जपाला त्यांनी आपला पाट नेमका आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी मांडला. तिथं वारा बरा लागतो, असं काकूंना वाटलं. उजवा हात गोमुखीत, नजर नाकाच्या शेंड्यावर, आणि नाकाचा शेंडा टीव्हीच्या रोखानं. पहिल्या लेव्हलच्या शेवटची भिंत आली तेव्हा माझं सहज लक्ष गेलं. गोमुखीतला अंगठा नुसता भिरभिरत होता. एवढ्या वेगानं माळ ओढली तर सव्वा लाखाचा जप दुपारी चारला पुरा व्हावा.

चौथ्या दिवशी धबधबा. दादा वर, धाकटा खाली, दादा नेहमीप्रमाणे सुसाट. धाकटा कपारीला लोंबकळलेला, पडदा सरकतोय. मागून आधी एक जोरदार “हूं!” आला. आम्ही वळून बघितलं, तर गृहस्थ अर्धवट उभे, डाव्या हाताचा पंजा दादाकडे करून पोलिसासारखा ‘थांब’ म्हणतायत आणि गोमुखीसकट उजव्या हातानं धाकट्याला ‘चढ, चढ’ म्हणून खुणावतायत. बघता बघता धाकटा गेलाच. त्यांनी कपाळाला हात लावला, खाली बसले, आणि माळ पहिल्या मण्यापासून धरली.

सातव्या दिवशी समाप्ती झाली. नैवेद्य, आरती, ब्राह्मण-सवाष्णीचं जेवण, सगळं यथासांग. काकूंनी विडा दिला आणि आदबीनं विचारलं, “सेवा छान झाली ना काका? कसं वाटतंय?” मौन सुटायची सगळी पंगत वाट बघत होती. गृहस्थांनी खाकरून घसा साफ केला.

“तो वरचा मुलगा थांबत का नाही हो?” ते म्हणाले. “तिसऱ्या लेव्हलला खालचा दर वेळी हकनाक मरतो.”

मग त्यांनी घड्याळ बघितलं. जयसिंगपूरहून त्यांची गाडी रात्रीची होती. धोतराचा सोगा खोचून ते आमच्या खोलीत आले, मांडी घालून बसले, धाकट्याच्या हातातून दोन नंबरचा रिमोट घेतला, दादाला म्हणाले, “हं, लाव. आणि तीस लाइफवाला नको, खरा लाव.” आणि टांगा दाराशी येईपर्यंत त्यांनी, आम्ही ओरडून ओरडून सांगत असताना, दिसेल तिथे धावत जाऊन ‘एल’ घेतला.